साळव्यांनी न हरवलेली फिल्म

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, आता वेळच वेळ आहे, लिहू. मग धाकट्या मुलीचं लग्न निघालं, मग मोतीबिंदू, मग घराला रंग. कारणं शोधायची सवय नोकरीतच लागली होती, ती नंतरही उपयोगी पडली. आता नवीन कारण सुचत नाही, म्हणून लिहितो.

आधी मुद्द्याचं लिहून टाकतो, नाही तर पुन्हा भलतीकडे जाईन. आमच्या ऑफिसच्या दप्तरात एक शेरा आहे : ‘सदर फिल्म ऑपरेटर श्री. साळवे यांचेकडून गहाळ झाली.’ अक्षर माझं आहे. मजकूर खोटा आहे. ती फिल्म मी घालवली, साळव्यांनी नाही. ऑफिसचं नाव लिहीत नाही, कारण दोष ऑफिसचा नव्हता. दोष एका टेबलाचा होता आणि त्या टेबलाशी मी बसायचो.

कडुबा साळवे टेंभुर्णीचे. उंच, काटकुळे, डोक्यावर केस जवळजवळ नाहीत. शर्टाच्या वरच्या खिशात, जिथं आम्ही सगळे पेन लावायचो, तिथं त्यांचा दाढीचा जुना ब्रश असायचा. तो प्रोजेक्टरच्या आतली धूळ झाडायला. कुणी सहीसाठी पेन मागितलं की साळवे तो ब्रश पुढं करून म्हणायचे, “आपल्याजवळ येवढंच हाये.” नवीन साहेब आले की त्यांच्याशीही हेच. दोन साहेबांना ते आवडलं नाही. ऑफिसात सगळे त्यांना ‘ए ऑपरेटर’ म्हणत. मी ‘साळवे’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचो. या गोष्टीचा मला त्या काळी फार अभिमान होता.

त्यांचं काम म्हणजे खेडोपाडी सरकारी फिल्म दाखवणं. लस, खत, गोबर गॅस, लहान कुटुंब. ऑफिसला जीप होती, पण ती एक तर साहेबांकडे असायची, नाही तर गॅरेजात. त्यामुळे साळवे प्रोजेक्टर एसटीनं न्यायचे. परतीची शेवटची गाडी लवकर निघायची, म्हणून खेळ दुपारी, बाजाराच्या दिवशी, शाळेच्या खोलीत किंवा जिनिंगच्या गोदामात, खिडक्यांना पोती टांगून.

गाडीत ते प्रोजेक्टरची पेटी खिडकीजवळच्या सीटवर ठेवायचे आणि स्वतः दांडा धरून उभे राहायचे. भोकरदनच्या गाडीत एकदा एका माणसानं माझ्यासमोर त्यांना झापलं.

“ओ मामा, बाई उभी हाये अन् पेटी बसलीय. काही लाज?”

“बाईला धक्का लागला तर ती शिव्या तरी देती,” साळवे म्हणाले. “हिला देता येत न्हाई.”

मग त्यांनी पेटी मांडीवर घेतली, बाईला खिडकी दिली, आणि भोकरदन येईपर्यंत तिला प्रोजेक्टरच्या दिव्याची काळजी कशी घ्यायची ते समजावलं. उतरताना ती बाई पेटीला हात लावून पाया पडली. साळव्यांनी तिला अडवलं नाही.

आता फिल्मविषयी. जालना जिल्हा नवीन झाला तेव्हा जुन्या जिल्ह्याच्या ऑफिसनं आमच्या वाट्याचं सामान पाठवलं. वाटणी करणाऱ्यानं चांगलं तिकडं ठेवलं आणि बाकीचं न्याय म्हणून इकडं दिलं. त्यात तीन पायांची खुर्ची होती, काटा नसलेलं घड्याळ होतं आणि फिल्मचे तीन पत्र्याचे डबे होते. डब्यांवरची चिठ्ठी इंग्रजी. अर्धी पुसलेली. एका कोपऱ्यात गाईच्या डोक्याचं चित्र आणि ‘रँच’ हा शब्द. मी भांडारपाल होतो. शब्द मला येत नव्हता. मी शब्दकोश काढला. गुरं पाळण्याची मोठी जागा, असा अर्थ दिला होता. मी रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘पशुपालन (विदेशी पद्धत), मूक, तीन रिळे.’ फिल्म बघितली नाही. बघणं हे भांडारपालाचं काम नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

पुढचं वर्षभर ती फिल्म पशुपालनाची म्हणून गावोगावी दाखवली गेली आणि अहवालात पशुपालनाचेच कार्यक्रम भरले. मग एकदा तपासणी म्हणून मी साळव्यांबरोबर भोकरदनला गेलो. शाळेची खोली भरून माणसं, खिडक्यांतही माणसं. भिंतीवर चित्र आलं. गाई होत्या, हे खरं. शेकड्यानं होत्या. पण गाईंच्या मागं घोड्यावर एक उंच माणूस होता, भलीमोठी टोपी घातलेला, आणि कुंपणाजवळ मालकाची मुलगी उभी होती. पहिलं रीळ संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं, की ही अमेरिकेतली, बोलपटांच्या आधीच्या काळातली प्रेमकथा आहे. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं.

रीळ बदलताना मी साळव्यांना बाजूला घेतलं.

“साळवे, ही फिल्म पशुपालनाची नाही!”

“भाऊसाहेब, इतक्या गाई हायेत. अजून कसं पशुपालन पाह्यजे?”

“अहो, पण त्यात प्रेम चाललंय.”

“मंग गाई पाळणाऱ्यानं करू नये का?”

प्रोजेक्टर एकच असल्यामुळे दोन रिळांच्या मध्ये थांबावं लागायचं. त्या वेळात जनावरांचे डॉक्टर उठून खुरकूत रोगावर बोलायचे. पुढचं रीळ बघायचं असल्यामुळे कुणी जागचं हलत नसे. एरवी लसीचं नाव काढलं की माणसं पांगायची, इथं मात्र दोनदा ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी बैल घेऊन दवाखान्यात यायची. वरून कौतुकाचं पत्र आलं. त्यात ‘विदेशी पशुपालनावरील उद्बोधक चित्रपट’ असा उल्लेख होता. नोंद दुरुस्त करायची तर त्या पत्राचं काय करायचं, हा प्रश्न होता. मी नोंद तशीच ठेवली. सगळं पुढचं तिथून सुरू झालं.

फिल्मला आवाज नव्हता. मधूनमधून इंग्रजी पाट्या यायच्या, त्या कुणी वाचत नव्हतं. बोलायचे साळवे. प्रोजेक्टरजवळ उभे राहून, एक हात यंत्रावर ठेवून, सगळ्यांची सोंगं करायचे. घोड्यावरचा माणूस हा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाकडे राबणारा गडी. मुलीचं नाव गंगू. गंगूचा बाप पाटील. खलनायक दर गावात वेगळा असायचा. गावात उतरल्यावर साळवे चहाच्या टपरीवर थोडी चौकशी करून ते नाव ठरवायचे. त्यामुळे काही गावांत आम्हाला पुन्हा बोलावणं आलं आणि काही गावांतून तक्रार.

“ह्या येवढ्या गाई,” एकदा पुढं बसलेला म्हातारा शेतकरी म्हणाला, “पण धार कोणी काढून राह्यला न्हाई. ही कसली माणसं?”

“धार पहाटं काढली,” साळवे म्हणाले. “तवा शूटिंगवाले झोपले व्हते.”

कुंभार पिंपळगावला एक आजीबाई ऐन मारामारीत उभ्या राहिल्या. “त्या पोरीची माय कुठं हाये रे? मघापून पाहून राह्यले, माय दिसंना.”

फिल्ममध्ये आई नव्हतीच. साळव्यांनी क्षणभर विचार केला. “माय बाजाराला गेली.”

तिसऱ्या रिळात आजीबाई पुन्हा उठल्या. “आजून आली न्हाई का? कवाचा बाजार हाये?”

साळव्यांना ही गोष्ट लागली. पुढच्या खेळापासून ते शेवटच्या लग्नाच्या दृश्यात बोट दाखवून सांगायचे, “ती पाहा, आली गंगूची माय.” मी नंतर मुद्दाम बारकाईनं बघितलं. मागच्या रांगेत खरंच एक बाई होती, एवढीशी, टोपी घातलेली, क्षणभर दिसून जाणारी. ती कुणीही असेल. पण बायका तिथं सुस्कारा सोडायच्या आणि मग पदर सावरून उठायच्या.

त्या दृश्यानंतर सालदार गंगूचं चुंबन घ्यायचा. साळवे तिथं भिंगापुढं तळहात धरायचे. भिंत काळी व्हायची. पोरं ओरडायची, “ऑपरेटर, हात काढ!”

“हात कुठला? लाइट गेल्ती.”

“लाइट गेल्ती तर मशीन कसं वाजून राह्यलं?”

“ते जुनं हाये. त्याला समजायला वेळ लागतो.”

प्रोजेक्टरला वेगाची दोन बटणं होती, एक मूक फिल्मसाठी हळू आणि एक बोलपटासाठी जलद. शेवटच्या गाडीची वेळ होत आली की साळवे जलद बटण दाबायचे. गाई, घोडे, पाटील, सगळेच पळत सुटायचे. टेंभुर्णीकडची माणसं फिल्म बघूनच सांगायची, की गाडीला आता किती वेळ राहिलाय.

शनिवारी दुपारी ऑफिसात काम नसायचं. साळवे डबे उघडून फिल्मला वारा द्यायचे. मऊ जुन्या धोतराच्या फडक्यातून ती हातभर हातभर सोडत न्यायची, जिथं चिरली असेल तिथं ब्लेडनं कापून चिकटवायची. डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास यायचा. ते वास घ्यायचे आणि वैद्यासारखे म्हणायचे, “आजून खूप दिस काढती.” अशाच एका शनिवारी त्यांनी मला एक पाटी वाचायला लावली. सालदार घोड्यावरून उतरून मालकापुढं उभा राहतो आणि काहीतरी बोलतो, तिथली.

मी वाचून सांगितलं, “म्हणतो, मी गरीब माणूस आहे, माझ्याकडे काही नाही, तरी मेहेरबानी करून मुलगी मला द्या.”

साळव्यांनी फिल्मचा तुकडा उजेडाकडे धरला. त्यावर एकामागून एक बारीक चित्रं, सगळ्यांत तोच उंच माणूस, टोपी डोक्यावरच.

“मागून राह्यला म्हणता?”

“पाटीवर तसं आहे.”

“न्हाई भाऊसाहेब. तोंड पाहा याचं. टोपी काढली का त्यानं? मान खाली हाये का? हा मागत न्हाई. लिहिणारानं भलतं लिवलं.”

त्यांचे वडील जन्मभर एका पाटलाकडे सालदार होते. हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं, फडकं घडी घालता घालता. दर पाडव्याला साल संपायचं, त्या एका दिवशी वडील मालकासमोर ओट्याच्या खाली उभे न राहता ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन साल. साळव्यांच्या फिल्ममध्ये म्हणूनच सालदार त्या जागी असं म्हणायचा : “पाटील, माझं साल काल संपलं. आज मी तुमचा गडी न्हाई. आता बोलू आपण.” गोदामात त्या वाक्याला एकदम सगळं गप्प व्हायचं. मग मागून कुणीतरी एकटाच टाळी वाजवायचा, आणि नंतर सगळे.

अशी दहा-पंधरा वर्षं गेली. गावोगावी टीव्ही आले, व्हिडिओ आले. आमचे खेळ कमी झाले. वरून हुकूम आला : जुन्या फिल्म आणि यंत्रं रद्द करा, त्याआधी एक अधिकारी येऊन भांडार तपासतील, प्रत्येक फिल्म चालवून नोंदीशी ताडून बघतील. त्याच सुमारास माझं बढतीचं प्रकरण वर गेलं होतं. मी हिशोब केला. तपासणी अधिकारी अंधार करून बसणार, भिंतीवर सालदार आणि गंगू येणार, आणि हातातल्या रजिस्टरवर माझ्या अक्षरात ‘पशुपालन (विदेशी पद्धत)’. त्याखाली पंधरा वर्षांचे अहवाल. आज हसू येतं. तेव्हा मला झोप लागत नव्हती.

साळव्यांना वेगळी काळजी होती. रद्द झाली तर फिल्म कापून टाकतील, ही. तपासणीच्या चार दिवस आधी ते तिन्ही डबे पिशवीत घालून माझ्या घरी आले.

“भाऊसाहेब, ही तुमच्याकडं राहू द्या. तपासणी होऊन जाऊ द्या, मंग पाहू. तुमच्या घरी कोण पाह्यला येतं?”

मी म्हणालो, “चिठ्ठी देतो, मिळाली म्हणून.”

ते चक्क चिडले. “तुमच्याकडून चिठ्ठी घिऊ? मला ‘तुम्ही’ म्हणून हाक मारणाऱ्या माणसाकडून?”

मी चिठ्ठी दिली नाही. रजिस्टरवर फिल्म साळव्यांच्याच नावावर, दौऱ्यावर गेलेली अशी राहिली. डबे दोन दिवस माझ्या दिवाणाखाली होते. तिसऱ्या दिवशी मी विचार केला, की कुणी चाडी केली, घरात सापडले, तर चुकीची नोंद राहिली बाजूला, चोरीच होईल. जुन्या मोंढ्याजवळ एक माणूस दवाखान्यांतल्या एक्स-रेच्या जुन्या फिल्म घ्यायचा आणि धुऊन त्यातली चांदी काढायचा. मी डबे त्याच्याकडे नेऊन ठेवले. पैसे घेतले नाहीत. पैसे घेतले नाहीत म्हणजे ते काम जरा बरं झालं, अशी माझी समजूत होती.

आठ दिवसांनी, तपासणी निर्विघ्न पार पडल्यावर, मी पुन्हा त्याच्याकडे गेलो. म्हटलं, असेल तर परत घ्यावी. त्यानं दोरीवर वाळत घातलेली लांबच लांब पट्टी दाखवली. स्वच्छ, आरपार दिसणारी. चित्रं धुऊन गेली होती. कडेची भोकं तेवढी शिल्लक होती. “ह्याचा काही उपयोग न्हाई,” तो म्हणाला, “गठ्ठे बांधायला चालती.”

मला बढती मिळाली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पत्र आलं. मागं कधीतरी जालन्याच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकानं आमचा खेळ बघितला होता आणि पाटीवरचं नाव वहीत उतरवून घेतलं होतं. ते नाव हिंडत हिंडत परदेशातल्या जुन्या फिल्म शोधणाऱ्या लोकांपर्यंत पोचलं. त्यांचं म्हणणं असं, की या फिल्मची एकही प्रत जगात कुठं शिल्लक असल्याची माहिती नाही. ती कायमची गेली असंच सगळे धरून चालले होते. तुमच्याकडे असेल तर कृपया नीट सांभाळा, आम्ही माणूस पाठवतो.

ऑफिसात असं पत्र कधी आलं नव्हतं. साहेबांनी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, “काढा ती फिल्म.” रजिस्टर काढलं. फिल्म ऑपरेटर साळवे यांच्या नावावर, परत आल्याची सही नाही. पशुपालनाची नोंद या वेळी सगळ्यांनी वाचली आणि कुणी एक शब्दही बोललं नाही. जिच्यासाठी मी हे सगळं केलं होतं, ती चूक कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. मी लिहून घ्यायला बसलो होतो. साळवे उभे होते. त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं.

“साळवे, फिल्म कुठं आहे?”

साळव्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं.

“हरवली साहेब.”

“कुठं हरवली?”

“एसटीत ऱ्हायली. टेंभुर्णीहून येताना.”

“पंधरा वर्षं पेटी मांडीवर घेऊन फिरणारा माणूस तू, आणि फिल्म एसटीत राहिली?”

“वय झालं साहेब.”

साहेबांनी शेरा सांगितला. मी लिहिला. पगारवाढ रोखली गेली, निवृत्तीचे कागद अडकले. खोलीतून बाहेर पडल्यावर साळवे पाण्याच्या टाकीजवळ माझी वाट बघत थांबले होते. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं त्यांनी, पण भलतंच.

“बराबर केलं ना मी?”

मला कळेना.

“आवो, परदेशातली माणसं नेणार म्हंजी परत येती का ती? तुम्ही गप बसले तवाच मी समजलो, की तुमचाबी इचार तोच हाये. पत्र्याच्या कपाटात ठेवू नका बरं. तापतं.”

मी म्हणालो, “नाही ठेवत.”

हे मी शब्दशः दिलंय. एवढंच बोललो. त्या वेळी टाकीजवळ दुसरं कुणी नव्हतं. सांगायला हरकत नव्हती.

गोष्ट ऑफिसात थांबली नाही. जगात एकच असलेली फिल्म हरवली, म्हटल्यावर टेंभुर्णीत माणसांनी आपापला अर्थ लावला. साळव्यांनी ती अमेरिकेला विकली. परदेशातून साहेब आला होता, त्याला गुपचूप दिली. घर बांधत नाही म्हणजे पैसे लपवलेत. निवृत्तीनंतर ते गावी राहायला गेले, तेव्हा टपरीवर पोरं त्यांना म्हणायची, “काय ऑपरेटर, डॉलर कुठं पुरले?” साळवे हसायचे. “पिच्चर येईल तवा समजंल.” त्यांचा जावई पाहुण्यांसमोर म्हणाला, की मामांनी सरकारचं सामान विकलं आणि नोकरीला डाग लावून घेतला. त्या दिवशी साळवे हसले नाहीत, असं मला त्यांच्या गावच्या एका मास्तरांनी सांगितलं. हे मास्तर अधूनमधून कामाला जालन्याला यायचे आणि साळव्यांचा निरोप आणायचे. पहिले निरोप तब्येतीचे असायचे. मग हा आला :

“भाऊसाहेबाला सांगा, कागदपत्रं सगळे निघाले, माझं साल संपलं. आता कोणी माझं काही करत न्हाई. पिच्चर घिऊन या. टेंभुर्णीत एकडाव दावू. मी न्हाई विकला, हे लोकायला दिसलं म्हंजी बस.”

सोबत दिवसही ठरवून दिला होता, पुढच्या महिन्यातला बाजाराचा दिवस, अंधार पडल्यावर. प्रोजेक्टर त्यांनी मिळवला होता. आमच्याच ऑफिसनं भंगारात काढलेला, त्यांनी स्वतः दुरुस्त केलेला.

पुढचं आधी सांगून टाकतो. ठरल्या दिवशी मी गेलो नाही. ताप आहे म्हणून कळवलं. त्यांनी दुसरा दिवस दिला. तेव्हा मी मुलीकडे पुण्याला गेलो. तिसरा दिवस त्यांनी दिला नाही, कारण मधल्या उन्हाळ्यात ते वारले. मास्तरांनीच सांगितलं. गावाला शेवटपर्यंत काय वाटत होतं, ते मी विचारलं नाही.

पण ठरलेल्या पहिल्या दिवसाच्या तीन दिवस आधी मी टेंभुर्णीला गेलो होतो. हे कुणालाच माहीत नाही. घरी भोकरदनला जातो म्हणून सांगितलं. गाडीत मी वाक्य तयार केलं. लहान केलं, कारण मोठं मला बोलता येणार नाही हे माहीत होतं. “साळवे, फिल्म नाही. मी घालवली. गावासमोर मी सांगतो. मला माफ करा.” चार वाक्यं. उतरेपर्यंत पाठ झाली होती.

त्यांच्या घरी कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, “आण्णा समाजमंदिराकडं गेलेत. भिंत रंगवून राह्यलेत.”

समाजमंदिराची बाहेरची मोठी भिंत. दुपारचे तीन वाजले असतील. साळवे शिडीवर होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात चुन्याचा कुंचला. खाली डबड्यात चुना कालवलेला. भिंत इतकी पांढरी झाली होती की उन्हात डोळे मिटावे लागत होते. ते माझ्याकडे पाठ करून काम करत होते. मी मागून हाक मारली.

त्यांनी वळून बघितलं आणि इतका आनंद झाला त्यांना, की शिडी हलली. मी ती धरली.

“आवो भाऊसाहेब! आधीच आले? संगं आणली का?”

“नाही. सहज आलो.”

“मंग बरं झालं. भिंत तरी पाहून घ्या. पडद्यावर दाखवायचा व्हता, पण पडदा वाऱ्यानं हालतो, माणसाचं तोंड नीट दिसत न्हाई. ही भिंत हालत न्हाई. दोन हात देऊन झाले. आता तुम्ही सांगा, बराबर पांढरी झाली का? माझी नजर आता भरवशाची न्हाई.”

मी भिंतीपासून दहा पावलं मागं गेलो. साळवे शिडीवर तसेच थांबले, चुना कोपरापर्यंत ओघळलेला, माझ्या तोंडाकडे बघत. रस्त्यावर कुणी नव्हतं. एक कुत्रं समोरच्या घराच्या सावलीत झोपलं होतं. चारही वाक्यं मला आठवत होती.

“साळवे,” मी म्हणालो.

“बोला ना.”

“डाव्या कोपऱ्यात, वर, थोडं राहिलंय.”

“बघा, म्हटलं न्हाई का नजर गेली,” ते म्हणाले आणि खाली उतरले. शिडी उचलून डाव्या कोपऱ्याला लावली आणि पुन्हा वर चढू लागले. कोपऱ्यात काही राहिलेलं नव्हतं. तिथंही भिंत पांढरीच होती.